भोंगा झाला की पोरं आत

लग्नाआधी मी बल्लारपूरच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असे. हे दोन विषय नेहमी एकाच बाईंच्या गळ्यात पडतात आणि पोरांना दोन्ही सारखेच नकोसे असतात. लग्न होऊन मी नेवाडातल्या एका तांब्याच्या खाणीच्या गावात आले आणि सवयीनं पहिल्या वर्षातच त्या गावाचा इतिहास-भूगोल तोंडपाठ करून टाकला. माझ्या मुलाला त्यात काडीचा रस नाही. "आई, ते गाव मॅपवर झूम केल्याशिवाय दिसतसुद्धा नाही," असं तो म्हणतो. म्हणून इथं लिहिते आहे.

भूगोल आधी. मैलोन् मैल करडी, उग्र वासाची झुडपं, एकाही झाडाची सावली नाही, आणि वारा असा की वाळत घातलेला टॉवेल आणायला पळत जावं लागे. त्यात मधेच टेकड्यांची एक रांग आणि तिच्या पायथ्याशी गाव. मोठा रस्ता एकच. त्यावर किराणा, शाळा, तीन चर्च आणि चर्चपेक्षा जास्त बार. उत्तरेला उघडी खाण होती, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली आणि तळाशी हिरवं पाणी साचलेली. खाणीच्या कडेला एक उंच लोखंडी मनोरा होता. पूर्वी माणसं त्याच्याखालून पाळण्यात बसून जमिनीच्या पोटात जात. मनोऱ्याच्या मागे एक टेकडी आणि त्या टेकडीवर चुन्यानं रंगवलेलं, घराएवढं मोठं एक अक्षर, गावाच्या नावातलं पहिलं. त्या मुलखात प्रत्येक गावाला ही हौस. शाळेची पोरं दरवर्षी बादल्या घेऊन वर चढायची आणि अक्षराला चुना फासून स्वतःही पांढरी होऊन खाली यायची. गावाच्या दक्षिणेला दुसरी, बुटकी टेकडी होती. तिच्यावर दफनभूमी.

इतिहास त्याहून सोपा. चांदी सापडली म्हणून गाव वसलं, चांदी संपली म्हणून ओस पडलं, तांबं सापडलं म्हणून पुन्हा वसलं. इंग्लंडच्या टोकाकडचे खाणकामगार आले, इटलीचे आले, ग्रीसचे आले, स्पेनच्या डोंगराळ भागातले बास्क मेंढपाळ आले, चिनी मजूर आले. प्रत्येकानं आपली गल्ली वेगळी केली आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकाच्या वासाला नावं ठेवली. हे ऐकून मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं होतं. मग खाण वाढत वाढत गावापर्यंत आली, तेव्हा लोकांनी अख्खी घरं उचलून चाकांवर घातली आणि दक्षिणेला सरकवली. आम्ही राहत होतो ते घर असंच सरकवलेलं होतं. त्याचं एकही दार चौकटीत धड बसत नसे.

माझा नवरा त्या खाणीत भूगर्भशास्त्रज्ञ होता. शिकलेला नागपूरचा, नंतर अमेरिकेत. तांबं कुठे आहे आणि जमिनीखालून कुठल्या दिशेनं वळतं, हे शोधणं त्याचं काम. कुठेही गेला की दगड उचलून खिशात घालायचा. त्याच्या पँट धुताना मी आधी खिसे झटकून घेई, तरी मशीनचा खडखडाट काही चुकला नाही.

आता भोंग्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझं माहेर कोळशाच्या पट्ट्यातलं, त्यामुळे भोंगा मला नवा नव्हता. आमच्याकडे पाळी बदलली की भोंगा होई. इथं मात्र सुरुंग लावायच्या आधी तो वाजायचा, बहुतेक दुपारी. मनोऱ्यावरून तो सुरू झाला की धूळ उडणार, काचा हादरणार, क्वचित एखादा दगडही येणार. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. शेजारची बास्क म्हातारी कुंपणापाशी येऊन ओरडली, "आत जा! भोंगा झाला की पोरं आत, बायका आत, मांजरं आत!" मग तिनं मला गावाची रीत शिकवली. भोंगा सुरू झाला की आईनं दार उघडून उंबऱ्यात उभं राहायचं आणि मुलांना नावानं हाक मारायची. सगळी आत आली की दार लावायचं. अख्ख्या गल्लीत त्या वेळी नावांचा नुसता कल्ला उठे. मला मूल नव्हतं, तरी मीही दार उघडून उभी राहू लागले. हाक मारायला कुणी नव्हतं, पण ऐकायला बरं वाटायचं. पुढे दिवस राहिले तेव्हा पोटावर हात ठेवून मी त्या उंबऱ्यात उभी राहत असे आणि मनात म्हणत असे, थांबा, येते आमचीही पाळी.

मुलगी झाली. गावच्याच छोट्या दवाखान्यात. रंगानं बापावर, कपाळ माझं. बारसं बाराव्या दिवशी करायचं ठरलं होतं, आणि नाव तोवर कुणी उच्चारायचं नाही, असं सासूबाईंनी चंद्रपुराहून बजावलं होतं. पाळणा कुठून आणायचा, म्हणून नवऱ्यानं दगडांची एक लाकडी पेटी रिकामी करून घासूनपुसून ठेवली. बास्क म्हातारीनं लोकरीचं पांघरूण विणायला घेतलं.

बारशाच्या आतच ती गेली. सकाळी दूध प्यायली, आणि दुपारी श्वास नव्हता. का, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला त्यातलं काही आठवत नाही आणि आठवून उपयोगही नाही.

आपल्याकडे एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत. नवऱ्यानं घरी फोन लावला. सासूबाई रडत होत्या, पण सांगायचं ते त्यांनी नीट सांगितलं. "माती द्या रे. कापडात गुंडाळा, पेटी नको. खड्ड्यात मीठ घाल, वरून दगड ठेव, जनावर उकरतं. खूण काही ठेवू नको, जीव अडकून राहते. परत येताना मागं वळून पाहायचं नाही." आणि शेवटी, "तिला नेऊ नको बरं."

तिला म्हणजे मला. बायका जात नाहीत. मी गेले नाही. वाचून कुणी विचारेल, तुम्ही हट्ट का नाही केला. ओली बाळंतीण काय हट्ट करणार? अंगात उभं राहायचं बळ नव्हतं. दूध येत होतं, आणि ते आटावं म्हणून म्हातारी माझ्या छातीला कोबीची थंड पानं बांधत होती.

नवरा एकटा गेला. किराण्यातून मिठाच्या पिशव्या घेतल्या. दफनभूमीत चर्चांच्या आखलेल्या ओळी होत्या, पण आम्ही कुठल्याच ओळीत बसत नव्हतो. राखणदारानं पश्चिमेचा उतार दाखवला, जिथं कुठल्याच ओळीत न बसणाऱ्यांना जागा मिळे. त्या कोपऱ्याचा नकाशा कुणी काढलेला नव्हता. तिथं पूर्वी चिनी मजूर पुरलेले असत. त्यांच्यात एक पद्धत होती: काही वर्षांनी त्यांची माणसं यायची, हाडं उकरून स्वच्छ करायची आणि बोटीनं मायदेशी न्यायची. मागं उरायचे ते खळगे. त्या उतारावर असे ओळीनं खळगे होते, झुडपांनी भरलेले. त्यांच्यात कुठेतरी त्यानं आपल्या हातांनी खणलं.

संध्याकाळी तो परत आला आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसला. बूट मातीचे होते.

"खूण नाही ठेवली," तो म्हणाला. "पण मला माहीत आहे ती कुठे आहे."

"कसं?"

त्यानं खिशातून होकायंत्र काढलं. त्याच्या धंद्यातली रोजची रीत होती ती. जागेवर उभं राहायचं, लांबची एक पक्की वस्तू बघायची, ती कुठल्या दिशेला आहे ते यंत्रावर वाचायचं. मग दुसरी वस्तू, दुसरी दिशा. पुन्हा कधीही या, त्या दोन दिशा जिथं जुळतात तीच जागा. त्यानं एक दिशा घेतली होती मनोऱ्याची आणि दुसरी टेकडीवरच्या पांढऱ्या अक्षराची. ते दोन आकडे त्यानं मला सांगितले. कुठे लिहिले नाहीत, लिहिणं म्हणजे खूण ठेवणंच. मी ते पाठ केले. सनावळ्या पाठ केलेल्या बाईला दोन आकडे काय जड.

"मनोरा कुठे जातोय?" तो म्हणाला. "आणि टेकडी कुठे जातेय?"

हे म्हणणारा माणूस खाणीत नोकरीला होता. टेकड्या कुठे जातात, हे जगात कुणाला माहीत असेल तर त्याला. पण त्या दिवशी त्याला ते सुचलं नाही, आणि मलाही नाही.

पुढे तांब्याचा भाव पडला, खाण बंद झाली आणि आम्ही टेक्सासला आलो. मुलगा इथलाच. आता आम्ही फ्रिस्कोत त्याच्याजवळ राहतो. फ्रिस्कोला भूगोल नाही. सगळं परातीसारखं सपाट. टेकडी म्हणावी तर स्पीडब्रेकर. माणसं मात्र भरपूर आपली. गणपतीत, संक्रांतीत कुणीतरी नवी मुलगी हळदीकुंकू लावता लावता विचारते, "काकू, तुम्हाला एकच मुलगा ना?" आणि मी म्हणते, "हो गं, एकच." म्हणताना दोन आकडे डोक्यात येतात, दर वेळी.

परत गेलो नाही ते दोघांच्याही धास्तीमुळे. मागं वळून पाहायचं नाही, असं सांगितलं होतं ना. पण नवरा त्या गावाच्या बातम्या रोज वाचायचा, आधी डाकेनं येणाऱ्या पेपरात, नंतर फोनवर. दुसऱ्या कंपनीनं खाण पुन्हा उघडली, हे त्यानं मला सांगितलं. जुना मनोरा कापून भंगारात दिला, हे त्यानं मला सांगितलं नाही. अक्षराची टेकडी खोदून नेली, तेही नाही. हे सगळं मला एकदमच कळलं, मागच्या वर्षी, जेव्हा जेवता जेवता त्यानं ताट बाजूला सारलं.

"दफनभूमी हलवताहेत," तो म्हणाला. "तांबं त्या टेकडीखाली गेलंय. नातेवाइकांनी यावं म्हणून कळवलंय."

"मग जाऊ. आकडे आहेत ना."

तेव्हा त्यानं मनोऱ्याचं आणि टेकडीचं सांगितलं. मी उठून सिंकपाशी गेले आणि भांडी आपटत राहिले. मुलगा म्हणाला, "आई, रिलॅक्स. जुने सर्व्हे मॅप्स असतात. मनोरा कुठे होता ते मॅपवर मिळेल, लाइन्स कॉम्प्युटरवर काढू. इट्स डूएबल." त्याच्या तोंडून बहिणीबद्दलचं ते पहिलं वाक्य. एवढ्या वर्षांनी मला आशा वाटली. पांढरं सुती कापड मी दुसऱ्याच दिवशी आणलं. तिला आणायचं, आणि या वेळी मी स्वतः न्यायचं, नदीला. नदी कुठली ते नंतर बघू.

सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमान, पुढे मुलानं गाडी चालवली. वाटेत मिठाचं ते प्रचंड मैदान लागतं. पांढरंफटक, क्षितिजापर्यंत. "बाबा, कितीतरी मीठ," मुलगा सहज म्हणाला. नवऱ्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. तो रडतोय हे मुलाला आरशात दिसलं असावं, कारण त्यानं गाणी बंद केली.

गाव ओळखू येईना. आमच्या गल्लीच्या जागी मोठाल्या ट्रकांचा तळ होता. बास्क म्हातारी कधीच गेली. दफनभूमीवर मात्र माणसं होती. गुडघ्यांवर बसून छोट्या थाप्यांनी माती बाजूला करत होती. कंपनीनं नेमलेली एक पुरातत्त्वाची तरुण मुलगी त्यांची प्रमुख. चर्चांच्या ओळी उचलून झाल्या होत्या. पश्चिमेचा उतार तेवढा राहिला होता, खळग्यांनी भरलेला. मी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. माझ्या मनात तो नेहमी हिरवा होता, का कोण जाणे. तिथं गवताची काडी नव्हती.

त्या मुलीनं जुना नकाशा लॅपटॉपवर काढला. मनोरा मिळाला, अक्षरही मिळालं. मी दोन आकडे म्हणून दाखवले, न अडखळता. नवऱ्यानं मान हलवली, हेच. मुलानं रेघा ओढल्या.

रेघा एकमेकींना नीट कापेनात. दोन्ही जवळजवळ एकाच दिशेनं जात होत्या, शेजारी शेजारी, आणि जिथं एकमेकींत मिसळत होत्या ते एक ठिकाण नव्हतं, तो अख्खा उतार होता. त्या मुलीनं फार हळू आवाजात विचारलं की तेव्हाचं वाचन किती अचूक होतं. मनोरा आणि अक्षर एकामागे एक होते, अशा दोन खुणा घेत नाहीत. खुणा दूर दूरच्या घ्यायच्या, एक समोर तर एक बाजूला. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात ते.

"त्याच दोन दिसत होत्या," नवरा मराठीतच म्हणाला, माझ्याकडे बघून. "बाकी काही दिसत नव्हतं मला. आणि हात थरथरत होता. काटा थांबेच ना. मी अंदाजे वाचलं."

"मग इतकी वर्षं तुम्ही मला सांगत होता की तुम्हाला माहीत आहे?"

"तुला काय सांगणार होतो?"

मला त्याचा इतका राग आला की मी चालत उताराच्या पार टोकाला गेले. आयुष्यभर मी ते आकडे देवाच्या नावासारखे जपले होते. परत फिरून पाहिलं तर तो उतारावर उभा होता, होकायंत्र छातीशी धरून, उत्तरेकडे तोंड करून. मनोरा होता त्या दिशेला. तिथं आता नुसतं आभाळ होतं आणि खाली खड्डा. म्हातारा माणूस आभाळावर नेम धरून उभा होता. माझा राग तिथंच संपला.

त्या लोकांनी आमच्यासाठी उतार मुद्दाम पुन्हा बघितला. खळगा न् खळगा. आम्ही मोटेलमध्ये राहून रोज जाऊन बसत होतो. एके दुपारी ती मुलगी हात पुसत माझ्याजवळ आली आणि माझ्या शेजारी मातीत बसली. कापडात गुंडाळलेलं इतकं लहान बाळ, वर मीठ, इतकी वर्षं. काहीच उरत नाही, म्हणाली. हाडसुद्धा नाही. कदाचित आपण तिच्यावरूनच चाललो असू. मग म्हणाली की सापडलेल्या सगळ्या अनोळखी माणसांना नव्या जागी एकत्र ठेवणार आहेत, वर एक दगड असेल, त्यावर तिचं नाव घालता येईल. काय नाव होतं?

नाव नव्हतं, असं मी म्हणणार होते. बारसं झालं नव्हतं.

नवऱ्यानं नाव सांगितलं. पटकन, रोज घेतो तसं. मी ते पहिल्यांदा ऐकलं.

"हे कधी ठेवलं?"

"त्या दिवशीच. खड्ड्यापाशी. बिननावाची कशी ठेवायची?"

इतकी वर्षं मी मनात तिला नुसतं 'ती' म्हणत आले, आणि या माणसाकडे नाव होतं. मी त्याचा हात घट्ट धरला, जरा जास्तच घट्ट, दुखावा म्हणून. त्यानं सोडवला नाही. दगडावर नाव नको, असं मी त्या मुलीला सांगितलं. ती जिथं नाही तिथं तिचं नाव कशाला? आणि ते नाव मी इथंही लिहिणार नाही.

निघताना त्यानं खाली वाकून एक दगड उचलला, बघितला, आणि होता तिथंच परत ठेवला. पांढरं कापड माझ्या पर्समध्ये तसंच घडी घातलेलं राहिलं.

परतल्यावर काही आठवड्यांनी त्या मुलीचा फोन आला. आज दुपारी त्या टेकडीवर पहिला सुरुंग आहे, तुम्हाला कळवावंसं वाटलं, म्हणाली. ती तिथंच, लांब उभी होती. नवऱ्यानं फोन स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर ठेवला. मी मेथी निवडत होते. तिकडचा वारा ऐकू येत होता. मग भोंगा सुरू झाला. नवा असेल, पण आवाज तोच, खालून वर चढत जाणारा.

मी उठले. मेथीच्या काड्या मांडीवरून खाली पडल्या. पुढचं दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिले. फ्रिस्कोची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी तिला हाक मारली. नावानं. आधी हळू, मग त्या गल्लीतल्या आया मारायच्या तशी, घसा ताणून. "आत ये गं, भोंगा झाला, आत ये!" समोरच्या घराचा पडदा हलला. मागं टेबलापाशी माझा नवरा मोठ्यानं रडत होता.

भोंगा थांबला. मग फोनमधून तो आवाज आला.

गावची रीत अशी की सगळी पोरं आत आली की मग दार लावायचं. मी ते लावलं नाही.